जोडीचें नामांतर

नांव बदलणें ही गोष्ट सोपी कीं अवघड, हें आपण तें कोणास विचारतों यावर अवलंबून आहे. लग्नघरीं ताटांत तांदूळ पसरून नवरामुलगा सोन्याच्या अंगठीनें त्यांवर वधूचें नवें नांव रेखाटतो, तेव्हां त्या कार्यास दोन मिनिटेंही लागत नाहींत. परंतु त्यानंतर वर्ष दीड वर्ष त्या मुलीला शाळेचा दाखला, बँकेचें पुस्तक आणि पॅनकार्ड घेऊन ज्या खिडक्यांपुढें उभें राहावें लागतें, त्या खिडक्यांना विचारलें तर उत्तर अगदीं निराळें मिळेल. नांव ठेवणारा एक असतो. त्या नांवानें हांक मारणारे मात्र शंभर असतात, आणि त्या शंभरांपैकीं प्रत्येकाला नवें नांव कळल्यावांचून नामांतर पुरें होत नाहीं.

आम्हां सोलापूरकरांना हा विषय परका नाहीं. ज्या गांवांत आमचें आयुष्य गेलें त्याचींच किती नांवें सांगावीं! शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या काळीं, म्हणजे बाराव्या शतकांत, हें गांव सोन्नलगे अथवा सोन्नलगी या नांवानें ओळखलें जाई. मोहोळ तालुक्यांतील कामती येथील शके १२३८ च्या, म्हणजे इ. स. १३१६ च्या सुमाराच्या, संस्कृत शिलालेखांत तें सोनलीपूर असें आहे. पुढें किल्ल्यांतील लेखांत कोठें सोनलपूर तर कोठें संदलपूर असें तें दिसूं लागतें. सोळा गांवें मिळून झालें म्हणून सोलापूर, ही व्युत्पत्ति आजीच्या तोंडीं शोभते. शिलालेख तिला दुजोरा देत नाहींत. मग इंग्रज आले आणि त्यांच्या जिभेनें 'स'चा 'श' केला. १९३० च्या मे महिन्यांत येथें मार्शल लॉ पुकारला गेला, त्याची वार्ता बाहेरच्या जगांत गेली ती शोलापूर या नांवानें. पुढें तो 'श' गळून पुन्हां 'स' आला. अलीकडच्या गोष्टी तर सर्वांच्या डोळ्यांपुढच्याच आहेत: २००४ सालीं स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ सालीं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचें नांव मिळालें, आणि शेजारचा उस्मानाबाद जिल्हा २०२३ सालीं धाराशिव झाला. या सर्व उलाढालींत सिद्धेश्वराचें तळें आणि भुईकोट किल्ला यांनीं आपली जागा मात्र तसूभरही सोडली नाहीं.

हें सर्व मनांत येण्यास निमित्त झालें तें एका यंत्राच्या नामांतराचें. यंत्राचें बारसें तें काय आणि त्याचें नामांतर तें काय, असें वाचकांस वाटेल. पण हकीकत ऐकल्यावर तें मत कायम राहील असें आम्हांस वाटत नाहीं.

आमचे एक जुने स्नेही अक्कलकोट रोडवर टॉवेल विणण्याचा कारखाना चालवितात. वीस बावीस वर्षें तो त्यांनीं व त्यांच्या धाकट्या भावानें मिळून चालविला. कारखान्याच्या कचेरींत, जिन्याखालच्या कपाटांत, एक सर्व्हर आहे. म्हणजे ज्याच्यासमोर सहसा कोणी बसत नाहीं, पण ज्याच्यावांचून कोणाचें चालत नाहीं, असा संगणक. हिशेब, जीएसटीचीं विवरणपत्रें, टॉवेलांच्या नक्षींचे आराखडे, कामगारांच्या हजेऱ्या, सर्व कांहीं त्याच्या पोटांत. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ज्या लिनक्सचा पाया घातला, त्या लिनक्सवर हें यंत्र चालतें. तें आणलें त्या दिवशीं मांडणी करणाऱ्या मुलानें विचारलें, "याचं नांव काय ठेवायचं?" दोघां भावांनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि धाकटा म्हणाला, "जोडी." तेंच नांव पडलें.

या यंत्राच्या सांठवणुकीची व्यवस्था समजल्यावांचून पुढची हकीकत कळणार नाहीं. पण मराठी घरांत वाढलेल्या माणसाला ती समजण्यास फारसे श्रम पडूं नयेत. जुन्या पद्धतींत डिस्कचे ठराविक तुकडे पाडीत, आणि त्या तुकड्यांना 'पार्टिशन', म्हणजे सरळसरळ वांटणीच, म्हणत. एकाची खोली भरून वाहूं लागली आणि शेजारची रिकामी पडली, तरी मधली भिंत हलविणें जिकिरीचें. यावर जी युक्ति निघाली तिला लॉजिकल व्हॉल्यूम असें म्हणतात. हाइन्झ माउल्सहागेन या जर्मन गृहस्थानें १९९८ सालीं ती लिनक्सवर आणली. तिची तऱ्हा आपल्या एकत्र कुटुंबासारखी आहे. मिळवत्या भावांप्रमाणें निरनिराळ्या डिस्क आपापली जागा एका सामाईक पेटींत टाकतात. त्या पेटीला व्हॉल्यूम ग्रुप म्हणावयाचें. मग त्या पेटींतून ज्याची जेवढी गरज तेवढें त्याला द्यावयाचें: हिशेबाला एवढें, नक्ष्यांना तेवढें. हा दिलेला हिस्सा म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. उद्यां नक्ष्या वाढल्या तर पेटींतून आणखी काढून द्यावें. पेटी रिती होऊं लागली तर आणखी एक डिस्क घरांत घ्यावी. आपल्या हिश्शांत कोणाचा रुपया आला आहे हें घेणाऱ्याला कळत नाहीं, आणि कळण्याचें कारणही पडत नाहीं. मिळवता भाऊ एकाएकीं गेला म्हणजे सगळ्या घराला जो फटका बसतो, तो मात्र येथेंही बसतो. म्हणून शहाणे लोक सर्व ऐवजाची एक नक्कल घराबाहेर ठेवतात.

या पेटीलाही नांव लागतें. डेबियन या लिनक्सच्या एका प्रसिद्ध प्रकारांत मांडणी करतांना तें यंत्राच्या नांवावरूनच आपोआप पडतें, जसें मुलाला घराण्याचें आडनांव. यंत्र 'जोडी', म्हणून पेटी 'जोडी-व्हीजी'.

चार वर्षांपूर्वीं दोघे भाऊ वेगळे झाले. कारण सांगण्यासारखें मोठें नव्हतें. बहुतेक वांटण्यांचें तें नसतेंच. माग वांटले गेले, गिऱ्हाइकें वांटलीं गेलीं. जिन्याखालचें यंत्र थोरल्याकडे राहिलें, आणि जुन्या हिशेबाची नक्कल घेऊन धाकट्यानें आपलें दुसरें यंत्र मांडलें. बोलणें बंद झालें. तेव्हांपासून आमच्या स्नेह्यांना तें नांव सलूं लागलें. रोज सकाळीं कामाला बसावें तों पडद्यावर पहिला शब्द 'जोडी'. "हें नांव एकदां पुसून टाकायचं आहे," असें ते आम्हांला कितीदां तरी म्हणाले असतील. त्यांची मुलगी संगणकाचें शिकलेली आहे, पुण्यास नोकरी करते, आणि लग्न होऊन तीन वर्षें झालीं तरी माहेरचेंच नांव लावते. ती हंसून म्हणे, "बाबा, चालत्या घराचं नांव बदलायचं तर कांहीं कारण हवं. राग हें कारण पुरत नाहीं."

तें कारण गेल्या पावसाळ्यांत आलें. विजेच्या झटक्यानें धाकट्या भावाचें यंत्र बंद पडलें, आणि विवरणपत्र भरण्याची मुदत तर चार दिवसांवर आलेली. त्यांनीं थोरल्या भावाला कांहीं विचारलें नाहीं. पुतणीला फोन केला. ती त्या वेळीं सुटी घेऊन माहेरीं आली होती. यंत्र गेलें तरी डिस्क शाबूत होती. एका कामगारानें ती टॉवेलांत गुंडाळून आणून दिली. आमच्या स्नेह्यांनीं आम्हांलाही बोलावून घेतलें. कशासाठीं, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. पण अशा प्रसंगीं घरांत एखादा तिऱ्हाईत असला म्हणजे माणसें जरा जपून बोलतात, एवढें आम्ही जाणतों.

मुलीनें ती डिस्क जिन्याखालच्या यंत्राला जोडली आणि पडद्यावर सूचना आली कीं एकाच नांवाच्या दोन पेट्या सांपडल्या आहेत. धाकट्यानें आपलें यंत्र मांडलें त्या दिवशीं त्यालाही नांव दिलें होतें तें 'जोडी'च.

कचेरींत कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. ज्या नांवाचा थोरल्याला चार वर्षें राग येत होता, तेंच धाकट्यानें, एकट्यानें घेतलेल्या यंत्राला, कोणी न सांगतां दिलें होतें. तो हक्क होता कीं आठवण होती, हें यंत्राला विचारून कळण्यासारखें नव्हतें.

यंत्राची मात्र अशा वेळीं फसगत होत नाहीं. प्रत्येक पेटीला माणसानें दिलेल्या नांवाखेरीज बत्तीस अक्षरांची एक खूण असते; तिला यूयूआयडी म्हणतात. पेटी निर्माण होते तेव्हांच ती पडते, आणि वरचें नांव बदललें म्हणून ती बदलत नाहीं. दोन नांवें सारखीं निघालीं तर यंत्र त्या खुणेवरून पेट्या वेगळ्या ओळखतें. परंतु त्यांतला ऐवज वापरावयाचा तर दोहोंपैकीं एकीचें नांव बदलणें भाग होतें. प्रश्न एवढाच कीं कोणाच्या?

"पाहुणीचं बदलणं सोपं," मुलगी म्हणाली. "एक आज्ञा दिली कीं झालं. पण ही डिस्क परत आप्पांकडे जाईल तेव्हां त्यांचं यंत्र तिला जुन्याच नांवानं हांक मारील, आणि ती ओ देणार नाहीं. जातांना तिला जुनं नांव परत द्यावं म्हटलं, तर तें नांव इथं आधींच वापरांत आहे. यंत्र तें देऊं देत नाहीं. आपलं बदलायचं तर काम मोठं आहे, पण तें आपल्या घरांतलं आहे."

आमचे स्नेही त्या डिस्कभोवतींच्या टॉवेलाची किनार बोटांनीं चाळवीत बसले होते. तो त्यांच्या कारखान्यांतला नव्हता. विणकर माणसाला तें पाहतांक्षणींच कळतें. थोड्या वेळानें ते म्हणाले, "त्याचं राहूं दे. आपलं बदल."

मग नवें नांव काय ठेवावें, याची चर्चा झाली. इंटरनेटच्या जाणत्या मंडळींनीं १९९० सालीं 'आरएफसी ११७८' या क्रमांकाचें एक टिपण प्रसिद्ध केलें आहे. त्याचा विषय एवढाच कीं संगणकाला नांव कसें निवडावें. स्वतःचें नांव देऊं नये, जें एक काम त्या यंत्रावर चालतें त्या कामाचें देऊं नये, फार लांब देऊं नये, आणि ज्याचें स्पेलिंग दोन तऱ्हांनीं होतें असें तर देऊंच नये, असा त्यांत उपदेश आहे. हा शेवटचा नियम ऐकून शोलापूरच्या माणसाला हंसूं आवरत नाहीं. आम्हीं सुचविलेलें 'सोन्नलगी' त्याच नियमाला बळी पडलें. शेवटीं 'धोटा' ठरलें. मागावर या कांठापासून त्या कांठापर्यंत धागा घेऊन धांवणारा तो धोटा. तो कोणत्याच एका कांठाचा नसतो. हा अर्थ तेथें कोणी बोलून दाखविला नाहीं. आम्हीं तो मनांतच लाविला.

प्रथम सर्व ऐवजाची नक्कल घेतली आणि पाहुणी डिस्क काढून बाजूला ठेवली. यंत्राचें स्वतःचें नांव बदलणें हें एका ओळीचें काम आहे: 'हॉस्टनेमसीटीएल' ही आज्ञा द्यावयाची, आणि 'होस्ट्स' नांवाच्या फाईलींत यंत्रानें आपल्या पत्त्यापुढें आपलेंच नांव लिहून ठेवलेलें असतें तेथें फरक करावयाचा. पेटीचें नांव 'व्हीजीरिनेम' या आज्ञेनें बदलतें. आणि आश्चर्य हें कीं यंत्र चालू असतांना, कारकून पलीकडे हिशेब लिहीत असतांनासुद्धां तें बदलतें. आंतलें एक अक्षरही जागचें हलत नाहीं. पाटी बदलली म्हणून घरांतलीं भांडीं कोठें हलतात?

धोका पुढें आहे. झोपलेलें यंत्र उठतें तेव्हां आपलें घर कोठें आहे हें त्याला उपजत ठाऊक नसतें. पूर्वीं लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या वाचून तें घर शोधतें. एक चिठ्ठी ग्रब या द्वारपालाजवळ असते. दुसरी एफएसटॅब या यादींत असते. तिसरी इनिटरॅमएफएस नांवाच्या लहानशा शिदोरींत असते; ती घेऊनच यंत्र जागेपणाचीं पहिलीं पावलें टाकतें. आणि लिहिण्यांतही खुबी आहे: नांवांत जोडरेघ असेल तर या चिठ्ठ्यांत ती दोनदां द्यावी लागते, कारण एकेरी रेघ पेटी आणि हिस्सा यांच्या मधली सीमा समजली जाते. नवें नांव या चिठ्ठ्यांत पोंचलें नाहीं, तर यंत्र दारांत उभें राहून घराला जुन्याच नांवानें हांका मारतें, कांहीं वेळ वाट पाहतें, आणि असें घर अस्तित्वांत नाहीं असें सांगून थांबतें. घर दोन हातांवर, आंतला ऐवज जसाच्या तसा, आणि मालक अंगणांत पोरका! गांव बदललें, रस्त्याचें नांव बदललें, आणि पत्र घेऊन आलेला माणूस घरासमोरूनच परत गेला, असें आपल्याकडे घडत नाहीं काय?

रात्रीं नऊ वाजतां कारखाना थांबल्यावर मुलीनें यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर सरकूं लागल्या. त्यांतील एकीचाही अर्थ आमच्या स्नेह्यांना कळत नव्हता, तरी ते प्रत्येक ओळ वाचीत होते. अखेर ओळी थांबल्या आणि प्रवेशाच्या जागीं शब्द उमटला, 'धोटा'. त्यानंतर पाहुणी डिस्क जोडली, या वेळीं विनातक्रार. तिच्यांतील हिशेब निघाला, आणि धाकट्या भावाचें विवरणपत्र मुदतींत गेलें.

पण आमच्या स्नेह्यांना वाटलें होतें कीं आतां तें जुनें नांव कोठेंच उरणार नाहीं. मुलीनें शोध करून दाखविला. यंत्राच्या रोजच्या नोंदवह्यांत दर ओळींत तारखेपुढें 'जोडी'. दुरून प्रवेश देणाऱ्या एसएसएचच्या किल्लीवरील शेऱ्यांत 'जोडी'. जुन्या नकलांच्या शिरावर 'जोडी'. "हेंही बदल," ते म्हणाले.

"किल्लीवरचा शेरा हवा तर बदलतें," ती म्हणाली, "पण नोंदवहींतलं नाहीं. त्या दिवशीं या यंत्राचं नांव जोडीच होतं. बाबा, माझी पदवी २०१९ च्या आधीची आहे, आणि तिच्यावर सोलापूर विद्यापीठ असंच छापलं आहे. तें खोडून त्यावर नवं नांव कोणी लिहिलं, तर त्याला दुरुस्ती म्हणाल कीं खाडाखोड?"

आमच्या स्नेह्यांनीं उत्तर दिलें नाहीं. पण तो आग्रहही पुन्हां धरला नाहीं. निघतांना आम्हीं त्या मुलीस सहज विचारलें, कीं यंत्राचें नांव बदलण्यांत एवढी निष्णात असून तिनें स्वतःचें कां बदललें नाहीं. ती म्हणाली, "काका, यंत्राच्या चिठ्ठ्या किती आणि कुठं आहेत हें लिहून ठेवलेलं असतं. माझ्या किती आहेत हें सांगणारं मला कोणी भेटलं नाहीं."

या उत्तरावर आम्हीं पुष्कळ विचार केला. आपलें नांव दोन प्रकारच्या ठिकाणीं लिहिलेलें असतें, असें आम्हांला वाटूं लागलें आहे. कांहीं ठिकाणीं तें पत्ता म्हणून असतें: उद्यां कोणी शोधीत आला तर त्यानें त्यावरून यावें. कांहीं ठिकाणीं तें साक्ष म्हणून असतें: त्या दिवशीं असें होतें, एवढेंच तें सांगतें. पत्ता बदलला नाहीं तर माणूस चुकतो. साक्ष बदलली तर ती खोटी होते. मुंबईचें नांव १९९५ सालीं बदललें, तरी तेथील विमानतळाची तीन अक्षरी खूण अद्याप 'बीओएम'च आहे आणि उच्च न्यायालय इंग्रजींत अद्याप बॉम्बेचेंच म्हणविलें जातें; त्यामुळें एकही विमान भलतीकडे उतरत नाहीं. नामांतराचा वाद जेव्हां हातघाईवर येतो, तेव्हां बहुधा एक पक्ष पत्त्याविषयीं बोलत असतो आणि दुसरा साक्षीविषयीं. आमच्या स्नेह्यांच्या कचेरींत हे दोन पक्ष बाप-लेकीच्या रूपानें एका टेबलाशीं बसले होते, म्हणून त्या रात्रीं निकाल लवकर लागला.

दोघे भाऊ एकमेकांशीं बोलूं लागले असें येथें लिहितां आलें असतें तर आम्हांला आनंद झाला असता. तें अजून घडलेलें नाहीं. धाकट्याचें यंत्र दुरुस्त झालें, डिस्क त्याच टॉवेलांतून परत गेली, आणि आपल्या जुन्या नांवानें पहिल्याच हांकेला ओ देती झाली. जातांना पुतणीनें मात्र एक शिस्त दोन्हीं घरांना लावून दिली: कोणाचाही ऐवज एकाच छपराखालीं असूं नये. त्यामुळें कारखाने थांबल्यावर दररोज रात्रीं दोन्हीं यंत्रें आपापल्या हिशेबाची एक नक्कल, कुलूप लावून, एकमेकांकडे पाठवितात. थोरल्याच्या यंत्रांत त्यासाठीं 'जोडी' नांवाचा एक हिस्सा राखून ठेवला आहे, आणि धाकट्याच्या यंत्रांत 'धोटा' नांवाचा.